स्नेहलतानं चुकवलेली गाडी

आमची स्नेहलता सोनाळ्याच्या शाळेत मास्तरीण होती. संग्रामपूरहून रोज एसटीनं जायची. इतक्या वर्षांत बाईची गाडी कधी चुकली नाही. ड्रायव्हर हिच्यासाठी थांबतो म्हणून मी चिडवायचो, तर म्हणायची, "थांबते तं थांबू द्या ना, तुमचं काय जाते?" अशा बाईनं पुण्याची ठरलेली ट्रॅव्हल्स चुकवली. आणि कोणत्या कामाची!

दिवाळीनंतर हिच्या छातीत गाठ लागली हाताला. खामगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, वेळ घालवू नका, मोठ्या ठिकाणी तुकडा काढून तपासून घ्या. आमचा शंतनु पुण्यात नोकरीला. त्यानं तिकडच्या दवाखान्यात शुक्रवारी सकाळचा नंबर लावला. मग मी बसलो आखणी करत. जन्मभर कारकुनी केलेला माणूस मी, नुसतं 'जाऊन पाहू' मला चालतच नाही. शेगावहून रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे पुणं, शंतनुच्या घरी आंघोळ, आणि डॉक्टर यायच्या आधी आपण दवाखान्यात हजर. कुठं एक मिनिट वाया नाही. मला तर माझंच कौतुक वाटून राह्यलं होतं.

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् ओवी?"

ओवी म्हणजे आमची नात, शंतनुची पोरगी, पहिलीत आहे. मी म्हटलं, "ती शाळेत जाईल. संध्याकाळी भेटेल की दवाखान्यातून आल्यावर."

"आल्यावर," ही म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी नवीनच काढलं. म्हणे गुरुवारी संध्याकाळी निघायला वेळ चांगली नाही. मला हसूच आलं. जन्मभर माझ्या पंचांगाची टिंगल करणारी बाई ही! माझे वडील भिक्षुकी करायचे, मला काय शिकवते? म्हटलं, "बरं, मग सकाळी चांगल्या वेळेवर प्रस्थान ठेवू." प्रस्थान म्हणजे काय, तर प्रवासाची एक पिशवी त्या वेळेला शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. निघालो असं धरलं जातं, मग खरे निघा केव्हाही. गुरुवारी सकाळी हिच्या कपड्यांची पिशवी मी स्वतः शेजारच्या विमलबाईंच्या घरी ठेवून आलो. म्हटलं, बोल आता.

संध्याकाळी ऑटो दारात उभा. ही म्हणाली, "थांबा, पिशवी घेऊन येतो." गेली ती गेलीच. ऑटोवाला हॉर्न वाजवून राह्यला, मी कुलूप लावून अंगणात येरझारा घालतोय. शेवटी विमलबाईंकडे गेलो तर ही पिशवी मांडीवर घेऊन निवांत चहा पिऊन राह्यलेली. विमलबाई बिचाऱ्या घाईनं म्हणाल्या, "भाऊजी, मी तं केव्हाची जा म्हणून राह्यली."

"अगं, गाडी जाईल!" मी ओरडलोच.

"जाऊ द्या," ही म्हणाली.

शेगावला पोचलो तेव्हा ट्रॅव्हल्स निघून गेली होती. माझा पारा असा चढला की विचारू नका. लोकांदेखत बोललो तिला. "जीव नकोसा झाला का तुले?" असंही तोंडातून गेलं. रात्र शेगावातच काढली आणि सकाळी मिळाली त्या गाडीत बसलो.

मी फुगून खिडकीकडे तोंड करून बसलेलो. जालना मागं पडल्यावर ही हळूच म्हणाली, "मले भेव वाटते हो. तिथं एकदा नाव लिहिलं का मंग मी पेशंट. शंतनु तसाच पाहीन माह्याकडे, ओवीबी तसंच पाहीन. त्याच्याआंधी एक सांज पाह्यजे होती मले तिच्यासंगं. तुमच्या आखणीत तेवढी जागाच नव्हती."

"मग सांगायचं ना तसं!"

"सांगतलं असतं तं ऐकलं असतं तुम्ही?"

नसतं ऐकलं. दवाखाना सोडून नातीशी खेळायचं काय, असंच म्हटलं असतं. पाण्याची बाटली मी तिच्या हातात दिली, एवढंच सुचलं मला.

दिवे लागायच्या सुमाराला पुण्यात उतरलो. शंतनु गाडी घेऊन आला होता, सोबत ओवी. पोरगी धावत येऊन आजीला बिलगली. "आजी, माझा दात पडला! आज तू माझ्याजवळ झोपायचं!"

तेवढ्यात शंतनु म्हणाला, "बाबा, बरं झालं वेळेत आलात. सकाळचा नंबर गेला, पण मी हातापाया पडून डॉक्टरांना थांबवलंय. घरी न जाता सरळ तिकडेच जाऊ."

हिनं ओवीचा हात सोडला नाही. चेहरा मात्र पार उतरला. "चला मंग," एवढंच म्हणाली. आता तिच्याजवळ कुठला बहाणा उरला नव्हता.

"आज नाही," मी म्हटलं.

"का?"

"माझी कंबर धरली आहे. मला आधी आडवं व्हायचंय. उद्या सकाळी जाऊ."

"बाबा, उद्या मिळेलही नंबर, पण एक दिवस आधीच घालवलात तुम्ही! आईपेक्षा तुमची कंबर महत्त्वाची आहे का?"

भर रस्त्यात, चार लोकांदेखत, पोटच्या पोरानं असं बोलावं! एरवी तिथंच त्याला सुनावलं असतं.

"हो, आहे," मी म्हटलं आणि कण्हत कण्हत पुढच्या सीटवर बसलो. मागं ओवी दात कसा पडला ते सांगत होती आणि तिची आजी हसत होती. शंतनु घर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.