मोठी काठवट दिली, लहान तीन आणल्या

चुडाव्याच्या स्टेशनावर मला पोचवायला आमच्या घरची झाडून सगळी माणसं आली होती. त्यातली चौघं नुसती काठवट उचलायला आलेली. सागाच्या एकाच खोडातून कोरलेली, भाकरीचं पीठ मळायची आमच्या घरची ती मोठी काठवट. गाडीचा गार्ड निजामाच्या रेल्वेतला, त्यानं ती डब्यात चढताना बघितली आणि म्हणाला, "ये क्या नाव है, अम्मा? गोदावरी पार कर रहे क्या?" सगळा फलाट हसला. माझ्या सासूबाई, आत्याबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी काठवट बाकाखाली सरकवून घेतली, पदरानं पुसली आणि मला म्हणाल्या, "तिकडं आपली पोरं शिकायला येतील, पाव्हणारावळा येईल. घर केवढं हाय ते काठवटीवरून कळतं. ल्हान काठवटीच्या घरात माणूस जेवायला लाजतो."

मामंजी खिडकीशी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "कुणाला भाकर न्हाई म्हणू नको." मी हो म्हणाले. बावीस वर्षांची होते, कडेवर एक लेकरू, हाताला एक. माझ्या मालकांना हैदराबादेत रेल्वेच्या वर्कशॉपात काम लागलं होतं. त्या वेळी मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी होच म्हणाले असते. गाडी हलली आणि मी रडले, पार नांदेड येईपर्यंत रडले.

गावाकडच्या माझ्या जावांनो, नणंदांनो, आणि माझ्यासारख्या गाडीत बसून गेलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी सांगतेय. शहरात जाऊन ही शेफारली, असं तुम्ही म्हणता. माझ्या कानावर येतं. हो, शेफारले! पण कशानं शेफारले ते तरी एकदा नीट ऐका.

हैदराबादेत आम्हाला दोन कमरे मिळाले. नळ अंगणात, तिथं सकाळी भांड्यांची ही रांग. शेजारणी म्हणायच्या, "इत्ती बड़ी काठवट? क्या शादी है घर में?" शादी नव्हती, पण आत्याबाई म्हणाल्या तसंच झालं. एकेक करून गावाकडची चार पोरं शिकायला आली. माझं तिसरं लेकरू झालं. शहरात लोक भात खात होते, आमच्या पोरांना भाकरीशिवाय चालत नव्हतं. मालकांना तर भात खाल्ला की जेवलोच नाही असं वाटायचं. पहाटे वीस-बावीस भाकरी, संध्याकाळी तेवढ्याच. आल्यागेल्याच्या वेगळ्या. एवढी मोठी काठवट बघून कुणाला वाटायचंच नाही, की हिच्यामागं एकच बाई बसलीय.

मग धाकटी जाऊ चंद्रभागा, तिची सोजर आली. आठ वर्षांची. तिचा थोरला भाऊ दिगू आधीच माझ्याकडं होता, शिकायला. सोजर शिकायला आली नव्हती. "मोठीमायच्या हाताखाली राहील," म्हणून पाठवलेली. पोरगी गुणाची. मी थापायची, ती मळून द्यायची. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मी तिच्याकडून काम करून घेतलं आणि माझ्या मनाला काही टोचलं नाही.

एके दिवशी संध्याकाळी दिगू काठवटीच्या पलीकडं बसून मराठीचं पुस्तक मोठ्यानं वाचत होता. एका जोडाक्षरावर अडला. अडला तो अडलाच. सोजरनं पीठ मळता मळता मान वर केली आणि म्हणाली, "पर्जन्य."

"तुला काय ठावं गं?" दिगू चिडला.

मला वाचता येत नव्हतं. मी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, सोजरसमोर धरलं आणि म्हणाले, "वाच बरं." पोरगी बघत राहिली. मग पिठाच्या हातानं तिनं ते पुस्तक माझ्या हातात उलटं फिरवलं, अक्षरांचे पाय वर केले, आणि घडाघडा वाचायला लागली. पुस्तक नेहमी भावाच्या तोंडासमोर आणि ही समोरच्या बाजूला. दोन वर्षं उलटीकडून बघून बघून पोरगी अक्षरं शिकली होती. मी आधी हसले. मग मला असं भडभडून आलं, की तव्यावरची भाकर जळली तरी कळलं नाही. आणि मग मला राग आला. सगळ्यात जास्त माझाच.

मुलींची मराठी शाळा आमच्या मोहल्ल्यापासून दोन गल्ल्यांवर होती. तिथल्या बाई म्हणाल्या, आणा तिला. पण शाळा भरायची सकाळी सातला. वर्कशॉपचा भोंगाही सातलाच. म्हणजे ऐन भाकरीच्या वेळेला. सोजर शाळेत गेली तर मी एकटी. माझं उजवं मनगट तोवर सुजायला लागलं होतं, बांगडी चढत नव्हती. जाऊ दे शाळा म्हणणं सोपं होतं. सगळे तेच म्हणाले.

मालकांनी मात्र उपाय काढला. वर्कशॉपात नवीन मोठं मशीन आलं होतं. म्हणाले, "मशीन मोठं की काम झपाट्यानं. आपण ह्याहून मोठी काठवट करून घेऊ. पहाटे एकदाच सगळं मळून टाक, मग नुसतं थापायचं ऱ्हाईल." आता ह्या माणसाला काय सांगावं! म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्या दिवशी घरच्याच काठवटीत दोन्ही कोपरं बुडतील एवढं पीठ एकदम मळलं. पहिल्या पाच भाकरी चांगल्या झाल्या. पुढच्यांना कडेनं चिरा पडल्या. दहावीनंतर तव्यावर टाकता टाकता दोन तुकडे. गव्हाची कणीक मळून झाकून ठेवता येते, ज्वारीची नाही. आधणाचं पाणी आणि तळहाताचा जोर, एवढ्यावर ज्वारीला घटकाभर चिकटपणा येतो. मळली की लगेच थापायची. एका भाकरीचं पीठ एका वेळी. मग मोठी काठवट कशाला? नाव मोठं लक्षण खोटं. मधोमध हात पुरायला कमरेतून वाकायचं, बास. मालकांच्या डब्यात मी ते तुकडेच घालून दिले. संध्याकाळी त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी मला उमगलं, की काठवट ही खाणारी तोंडं मोजून घ्यायची नसते, मळणारे हात मोजून घ्यायची असते. आणि घरात हात काय कमी होते? दहा माणसांच्या घरात राबत मात्र होते चारच, दोन माझे, दोन एका लहान पोरीचे. चार दांडगी पोरं आठ वाजेपर्यंत तंगड्या पसरून झोपायची. शाळा त्यांची दहाची. त्यांच्या अंगावरून आम्ही पाण्याच्या घागरी न्यायचो!

हातगाडी केली, काठवट तिच्यावर घातली आणि बाजारात एका म्हाताऱ्या बढईकडं, म्हणजे सुताराकडं, गेले. त्यानं लाकूड ठोकून बघितलं. "कित्ते लोगां हैं घर में, अम्मा?"

"लोगां नक्को पूछो, भाई. हातां पूछो."

त्याला काही कळेना. मी त्याच्या फळीवर वीत मांडून दाखवली. एवढी भाकर, तिच्याभोवती चार बोटं मोकळी, आणि बाजूला एक गोळा मळायची जागा. कोपर अंगाजवळ राहिलं पाहिजे, पुढं ताणायला लागू नये. त्याच्याकडच्या लहान काठवटी पुढ्यात घेऊन बसून बघितल्या, मळायचं सोंग केलं, पाच नाकारल्या. बाजार बघत होता, बघू दे म्हटलं. शेवटी तीन पसंत पडल्या. मोठी देऊन तिन्ही लहान घेतल्या. सासूनं पदरानं पुसून दिलेली वस्तू मी मोडीत घातली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारही पोरांची पांघरुणं ओढली. एक काठवट माझ्यापुढं ठेवली, दोन त्यांच्यापुढं, दोघादोघांत एक. म्हटलं, "ह्या घरात ज्याला शाळेत जायचं हाय, त्यानं भाकर थापायची. सोजरनं दोन वर्सं मळलं, आता तुमी मळायचं अन् थापायचं."

दिगूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मोठीमाय, गावात कळलं तर आमची लग्नं व्हायची न्हाईत!"

"नका होऊ. उपाशी तर मरणार न्हाईत."

महिनाभर आम्ही काय काय खाल्लं ते विचारू नका. कच्चं, करपलं, पायाच्या टाचेएवढं जाड. मालकांनी एकदाच विचारलं, "आईला काय सांगायचं?" मी म्हटलं, "मी सांगते." दोन महिन्यांनी दिगूची भाकर तव्यावर टम्म फुगली, तेव्हा तो असा ओरडला की शेजारीण धावत आली. आणि सोजर रोज सातला शाळेत. पुस्तक सुलटं धरायला तिला आठ दिवस लागले.

सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. पुढच्या दिवाळीला दिगू गावी गेला. चंद्रभागा तापानं पडली होती. पोरगं सरळ चुलीपुढं बसलं आणि भाकरी थापायला लागलं. बोंबाबोंब झाली. आठव्या दिवशी आत्याबाई माझ्या दारात. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"माझी काठवट कुठाय?"

"दिली, आत्याबाई. तिच्या बदल्यात ह्या तीन आणल्या."

त्यांनी तिन्हींकडं बघितलं. एकीपुढं चौघांतलं एक पोरगं बसलं होतं, कोपरापर्यंत पीठ. "बापयाला चुलीपुढं बसवलंस. घराण्याचं नाक कापलंस," त्या म्हणाल्या. "सोजरचं बोचकं बांध. पालमचं स्थळ आलंय. अकरावं सरलं, अजून किती दिवस ठिवायची?"

मी आयुष्यात त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आत्याबाई, तुमचा उजवा खांदा वर जात न्हाई. अंबाडा घालायला तुमाला सून लागती. कशानं झालं ते?"

"म्हातारपणानं."

"न्हाई. त्या काठवटीनं. मोठ्या घराचा मोठेपणा तुमच्या खांद्यातनं निघाला. माझ्या मनगटातनं निघायलाय. सोजरच्या हातातनं मी निघू देणार न्हाई. ती शाळा सोडणार न्हाई, अन् पालमला जाणार न्हाई."

त्यांचा हात आपोआप खांद्याकडं गेला. मला वाटलं, आता बसतील. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग गावच्या उंबऱ्याला पाय लावू नको."

"बरं," मी म्हटलं.

त्या पाणीसुद्धा न पिता गेल्या. मालक त्यांच्या मागं स्टेशनापर्यंत गेले, हातापाया पडले, रिकामे परत आले. मला कुणी दगडाच्या काळजाची म्हणतं, तर ऐका. माझ्या दारातून माझी सासू उपाशी गेली, हे मला आजही गिळवत नाही. मामंजी वारले तेव्हा मला तेराव्यानंतर कार्ड आलं. ज्यांना शब्द दिला होता, त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. सहा वर्षं मी परभणीच्या गाडीकडं नुसती बघत होते. एवढं सगळं झालं, तरी मला पुन्हा विचाराल तर मी पुन्हा "बरं"च म्हणेन.

आता सगळं पुष्कळ सोपं झालंय म्हणतात. आताच्या सुना पीठ मळायचं यंत्र घेताना विचारतात, घरात माणसं इतकी, मग केवढं घेऊ? मी त्यांना उलटा सवाल करते, चालवणार कोण? तुम्ही एकट्याच ना? मग कितीही मोठं घ्या, बायांनो, मान तुमचीच मोडणार.

तर सहा वर्षांनंतरची गोष्ट. निजामाचं राज्य जायची गडबड सुरू होती, गाड्यांचा भरवसा नव्हता. अशात एका दुपारी चंद्रभागेचा भाऊ दारात उभा. त्याचं बोट धरून एक सहा वर्षांची पोरगी, तेल चोपडलेलं डोकं. सोजरची धाकटी बहीण, मथू. मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

मी घाबरले. "चोरून आणलीस काय रे?"

"न्हाई," तो म्हणाला. "अक्कानं निरोप दिलाय. म्हणली, मोठ्या बाईंना सांग, सोजरच्या वेळी मी तोंड उघडलं न्हाई, त्यांना एकटीला भांडू दिलं. आता उघडलंय. सासूपुढं उभं राहून, सगळ्यांच्या देखत भांडून पाठवलीय."

चंद्रभागे, तू हे वाचशील का कुणाला वाचायला लावशील, मला ठाऊक नाही. पण त्या दुपारी मी चौकटीला धरून खाली बसले आणि तुझ्या पोरीला मांडीवर घेऊन रडले. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की मी तुमच्यातनं गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि सोजर तिला घेऊन शाळेत गेलो. बाईंनी रजिस्टर उघडलं. मुलीचं नाव विचारलं, बापाचं विचारलं. गाव विचारलं, मी सांगितलं, तालुका-जिल्ह्यासकट. मग त्यांनी विचारलं, "आणि घर?" विचारता विचारता त्या गावचंच नाव पुन्हा लिहायला लागल्या.

मी रजिस्टरवर हात आडवा घातला. "न्हाई, बाई. घर इथलं लिवा. माझं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी सोजरला म्हटलं, बघ काय लिवलंय. तिनं वाकून वाचलं आणि म्हणाली, "बरोबर लिवलंय, मोठीमाय."