काय ठरवायचंय ते सांगा

३० नोव्हेंबर, रविवार. उद्या आमच्या आयसीयूत नव्या नर्स रुजू होणार आहेत. त्यांना सेप्सिस शिकवायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून कुकर लावून जेवणाच्या टेबलाशी तयारीला बसले. पहिलं वाक्य लिहिलं : ‘आधी चादर सरकवा आणि पेशंटचे गुडघे बघा.’ लिहून झाल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य माझं नाही. आमच्या डॉक्टरांचं आहे.

डॉक्टर राउंडला आले की मॉनिटरकडे आधी बघायचेच नाहीत. चादर सरकवून तळहात गुडघ्यावर ठेवायचे आणि कुणी झोपलंय की जागं आहे याचा अंदाज घ्यावा तसे क्षणभर थांबायचे. गुडघा गार लागला, भोवती जांभळट जाळी दिसली, तर नुसतं “हं” म्हणायचे. मग बोटाचं नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचे. मग लघवीची पिशवी. मॉनिटर सगळ्यात शेवटी.

“मशीन खोटं बोलत नाही, सिस्टर,” ते म्हणायचे, “पण उशिरा बोलतं.”

सेप्सिस म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जखमेतला, छातीतला, लघवीतला, कुठलाही जंतुसंसर्ग हाताबाहेर जातो आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच नुकसान करायला लागतं. गुडघ्यापर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, ते गार पडतात; मग रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बसतात. सुरुवातीला मात्र माणूस नुसता थकल्यासारखा दिसतो. ओळखायला उशीर झाला तर मग औषधं आपल्या मागून धावतात.

डॉक्टरांची ओळखायची पद्धत साधी होती. ते पेशंटपेक्षा त्याच्या बायकोला जास्त प्रश्न विचारायचे. एकदा करंजाड्याचा एक माणूस आला. थोडा ताप, अशक्तपणा, बाकी काही विशेष नाही. कॅज्युअल्टीने सलाईन लावून घरी पाठवायची तयारी केली होती. डॉक्टर सहज तिथून जात होते. त्यांनी बायकोला विचारलं, “हे नेहमी असेच असतात का?”

“छे हो! नेहमी तोंड बंद नसतं. आज सकाळपासून माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत.”

“मग घ्या आत,” डॉक्टर म्हणाले. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांचं बरोबर निघालं. आठवड्याने तो माणूस वॉर्डात बायकोवर ओरडायला लागला, तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले.

योगायोगाने डॉक्टर सुकापूरला आमच्याच सोसायटीत राहायचे. बायको पूर्वीच वारली होती. कशाने, ते मी विचारलं नाही. मूल नव्हतं. सोसायटीत त्यांच्याशी कुणी फारसं बोलायचं नाही. ते वाईट होते म्हणून नव्हे. ज्याला पुढचं दिसतं असा माणूस शेजारी नको, असं लोकांना वाटतं. एका कोजागिरीला आमचे सेक्रेटरी गच्चीवर हाफ पँट घालून दुधाच्या पातेल्याशी उभे होते. डॉक्टरांनी सवयीने त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. पण तेव्हापासून डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले की लोक जिन्याने जायचे. डॉक्टरांना ते कळायचं. तेही मग हळूहळू जिन्यानेच जायला लागले, आणि लिफ्ट लोकांना मोकळी झाली.

आता मुख्य गोष्ट. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील, कदाचित तिथे बसलाही असाल. दार उघडलं की सगळे उठतात आणि एकच प्रश्न विचारतात : किती टक्के चान्स? बहुतेक डॉक्टर एक आकडा सांगून मोकळे होतात. आमचे डॉक्टर सांगायचे नाहीत.

“टक्के शाळेत,” ते म्हणायचे. “तुम्हाला काय ठरवायचंय ते सांगा. मग मी सांगतो.”

लोक आधी गोंधळायचे, मग खरं बोलायचे. गावाकडून म्हाताऱ्या आईला आणायचं का? घर सोडून इथे राहायला खोली बघायची का? पेशंटला घरी न्यायचं का? असं विचारलं की डॉक्टर बाकावर बसून नीट उत्तर द्यायचे. बोलवा, नका बोलवू, थांबा, न्या. घुमवून फिरवून काही नाही. मला ते आवडायचं. मलाही घुमवून बोललेलं चालत नाही.

अशाच एका दुपारी पनवेलातले एक म्हातारे दुकानदार उठून उभे राहिले. त्यांची बायको आत होती, लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झालेली.

“डॉक्टरसाहेब, पोरगा कुवेतला हाय. नवीन कंपनी. आता आला तर नोकरी जाईल बोलतो. अल्लाच्या वास्ते एवढं सांगा, बोलवू का नको?”

डॉक्टर परत आत गेले, पुन्हा बघून आले. बाई खरंच सुधारत होत्या. रक्तदाब टिकवायचं औषध जवळजवळ बंद होत आलं होतं, लघवी होत होती, गुडघे गरम होते. सकाळी चहाचा घोट दिला तर माझ्यावर डाफरल्या होत्या, “यात अद्रक कुठाय?”

“आत्ता नका बोलवू,” डॉक्टर म्हणाले. “थांबा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा रक्तदाब अचानक कोसळला. जे जे करायचं ते सगळं आम्ही केलं. संध्याकाळच्या आत त्या गेल्या. असं होतं. का झालं याची कारणं नंतर शोधता येतात आणि त्यातली एक-दोन पटतातही. त्यांच्यात दफन लांबवत नाहीत. मुलगा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, मला त्यांच्या घरी जायचंय. त्यांना मोहल्ला माहीत नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. मुलगा सतरंजीवर बसला होता. बॅगेला विमानतळाची पट्टी अजून तशीच होती. डॉक्टर उभ्या उभ्याच म्हणाले, “तुमच्या वडिलांनी मला विचारलं होतं. मीच नको म्हणालो.”

“मालूम हाय, साहेब,” मुलगा म्हणाला. “अब्बांनी फोनवर सांगितलं, डॉक्टर थांबा बोलले. कितीतरी दिवसांनी त्या रात्री मी नीट झोपलो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याने सरबत आणलं. डॉक्टरांनी ग्लास पूर्ण संपवला, “येतो” म्हणाले आणि चपला घालताना दोनदा डावी-उजवीची अदलाबदल केली.

त्यानंतर ते बदलले. ‘काय ठरवायचंय’ हे विचारणं बंद. कुणीही काहीही विचारलं की एकच उत्तर, “सगळ्यांना बोलवून घ्या.” परिणाम काय झाला? सांगलीहून, बंगळुरूहून, कुठून कुठून माणसं धावत यायला लागली. न्यूमोनियातून उठलेले एक आजोबा इडली खात होते, तेवढ्यात भेटीच्या वेळेला डोळे पुसत अख्खं खानदान आत आलं. आजोबांनी चमचा खाली ठेवला.

“काय रे, मला कुणी सांगितलं नाही ते? मेलो का मी?”

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून म्हणाले, “सर, सगळ्यांनाच बोलवायला सांगितलं तर सांगण्याचा उपयोग काय? मग ते काम वॉचमनही करेल.”

“आलेला माणूस परत जाऊ शकतो, सिस्टर,” ते म्हणाले. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. मीही ओढून काढलं नाही. पण मला दिसत होतं, की हा माणूस बघतो आहे पूर्वीइतकंच चांगलं, फक्त बघितलेलं बोलायची त्याची छाती राहिलेली नाही. आणि न बोलणारा डॉक्टर आयसीयूच्या दाराशी काय कामाचा?

हे असंच चाललं असतं. पण लग्नसराईत पळस्प्याकडच्या एका गावातली आजी आली. पायाला लागलेलं, ते चिघळलेलं, त्यातून सेप्सिस. तिचा मुलगा, गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन, दार उघडायची वाट बघत उभाच होता.

“डाक्टर, आमचे पोरीची परवा हलद हाय. आय गेली त सुतक. हलद लागल्यावर सुतक आला त पोर मधीच लटकली. हलद लावू का नाय, येवढा सांगा.”

डॉक्टर सवयीने म्हणाले, “जवळच्या सगळ्यांना बोलवून घ्या.”

“आवो, हजार पत्रिका वाटल्यान!” तो कपाळाला हात लावून ओरडला. “सगलीच येतान. आनखी कोनाला बोलवू?”

बाकावरचे दुसऱ्या पेशंटचे नातेवाईकसुद्धा हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांचं ते ठरलेलं उत्तर इथे चालत नव्हतं. लग्न पुढे ढकला म्हणणं सोपं होतं. पण मुलाकडच्यांनी आधीच कुरबुर केली होती, आता थांबवलं तर मोडेल, असं नवरीच्या आईने मला रडत सांगितलं होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर आजीच्या बेडशी गेले. चादर सरकवली. गुडघ्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. नख दाबलं. नवे रिपोर्ट मागवले, जुन्यांशी ताडून बघितले. मग नुसतेच उभे राहिले. आजी शुद्धीत होती. तिने विचारलं, “काय रं बाबा, कवरा वेल बघशील?”

मी म्हणाले, “सर, मंडपवाला खोळंबलाय.”

ते बाहेर गेले. मी मागोमाग गेले, कारण मला वाटलं ते पुन्हा बोलवा म्हणतील.

“हळद लावा,” ते म्हणाले. “लग्न होईपर्यंत आजी राहतील. पुढचंही ठीक वाटतंय मला. पण मी चुकू शकतो. याआधी चुकलोय.”

तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बास. लावतो.”

त्या तीन दिवसांत डॉक्टर दिसेल तेव्हा आजीच्या आसपासच दिसायचे. काही ना काही कारण काढून यायचे. हळदीच्या संध्याकाळी नवरीने व्हिडिओ कॉल केला. मी फोन आजीसमोर धरला. पिवळी झालेली नात, मागे डीजेचा दणदणाट. आजीने डोळे बारीक केले आणि म्हणाली, “तो आवाज बारीक करा आदी. नि पोरीला कायतरी खायला घाला.” डॉक्टर पलीकडच्या बेडशी पाठ करून उभे होते. ते वळले नाहीत.

लग्न झालं. आजी पंधरवड्याने चालत घरी गेली, म्हणजे नातवाच्या खांद्यावर हात ठेवून का होईना, चालत. त्यांच्यात हळदीला मटण असतं; तसाच एक भलामोठा डबा मुलाने पाठवला. डॉक्टर शाकाहारी. आम्ही खाल्लं.

“बघा सर,” मी डबा धुता धुता म्हणाले, “बरोबर आलं ना?”

“तेव्हाही असंच बघितलं होतं, सिस्टर,” ते म्हणाले. “हेच हात, हेच डोळे. या वेळी बरोबर आलं, एवढंच.”

मला वाटलं होतं की आजीने त्यांना परत उभं केलं. तसं काही झालं नाही. पुढे ते विचारलं की उत्तर द्यायचे, पूर्वीसारखं बाकावर बसून, आणि प्रत्येक उत्तरानंतर थोडे कमी व्हायचे. पावसाळा संपता संपता त्यांनी नोकरी सोडली. फ्लॅट विकला. अमरावतीकडे कुठेतरी वडिलोपार्जित दोन खोल्या आहेत, तिकडे जातो म्हणाले. टेम्पोत सामान भरताना खाली मी होते आणि सेक्रेटरी होते. सेक्रेटरी फुल पँट घालून आले होते. कुणी राहा म्हणालं नाही. मीही नाही. ज्याला जायचंय त्याला अडवू नये, असं माझं मत आहे.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. नव्या डॉक्टरांकडे एक प्रोग्राम आहे. त्यात आकडे भरले की टक्के येतात. वाईट नाही. पुष्कळदा बरोबर येतात, मी पडताळून बघितलंय. बाहेर जाऊन ते टक्के सांगतात आणि आत येतात. बाकावरची माणसं मग माझ्याकडे बघतात.

कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. तयारी अर्धीच झालीय. बाकीची सकाळी बघू.

सोमवारी सकाळी सुकापूरच्या नाक्यावर शेअर रिक्षाची वाट बघत होते. काय वाटलं कोण जाणे, फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. गेल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या रिंगलाच उचलला.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

“कोणी नाही, सर.”

“मग?”

“आज नव्या मुलींना सेप्सिस शिकवायचाय,” मी म्हणाले.

“हं. शिकवा.” मला वाटलं, आता फोन ठेवतील. “इथे थंडी पडलीय,” ते म्हणाले. “सकाळी ऊन यायला वेळ लागतो.”

समोर रिक्षा येऊन थांबली. मागे दोघी बसलेल्या. “चला मॅडम, एकच सीट!” रिक्षावाला ओरडला आणि त्याने हॉर्न वाजवला. तो त्यांना ऐकू गेला असावा.

“घाईत आहात का?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर,” मी म्हणाले, आणि रिक्षावाल्याला हातानेच जायला सांगितलं.