दिराकडची किल्ली

वाटेत बसचा क्लच गेला, गाडी डेपोत ओढून न्यावी लागली, म्हणून कंडक्टरबाई त्या दिवशी भरदुपारीच घरी परतली. जिना चढून वर येते तो घराचं दार सताड उघडं आणि आत कुणीतरी हसतंय. हातातली छत्री तिने काठीसारखी धरली आणि ती आत शिरली.

स्वयंपाकघरात तिचा धाकटा दीर उभा होता. त्याच्यासोबत एक नवरा-बायको होते, तिने जन्मात न पाहिलेले. बायको सिंकखालचं कपाट उघडून आत डोकावत होती. नवरा खिडकीपासून भिंतीपर्यंत टेप लावून माप घेत होता.

"अरे वहिनी! आज लवकर?" दीर म्हणाला, जणू तो घरचा आणि ती पाहुणी.

"हे कोण?"

"ओळखीतले आहेत. घर बघायला आलेत. म्हणजे नुसतं बघायला हो! तुम्ही एकट्या, दोन दोन खोल्यांचं काय करणार? म्हटलं, किती येतील याचा अंदाज तरी घेऊन ठेवू."

त्या बाईने कपाट हळूच लावलं. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ती ओशाळून म्हणाली. नवऱ्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली, आणि दोघं चपला पायात नीट न घालताच जिना उतरले.

कंडक्टरबाईने छत्री कोपऱ्यात ठेवली. "किल्ली द्या, भाऊजी."

"कुठली किल्ली?"

"या घराची."

दीर हसला. "रागात आहात तुम्ही. डोकं शांत झालं की बोलू." आणि खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत तोही निघून गेला.

ती किल्ली तिनेच त्याला दिली होती, स्वतःच्या हाताने. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हा तिला ड्यूटी सोडता येत नव्हती. पगार तिचा, औषधं तिच्या पगारावर. दीर यायचा, भावाला दवाखान्यात न्यायचा, परत आणायचा, भरवायचा. तेव्हा ती किल्ली म्हणजे तिला मोठा आधार होता, आणि हे ती कुणाहीसमोर कबूल करायची. पण नवरा गेला आणि किल्ली मात्र दिराच्या खिशातच राहिली. ती कामावर असताना तो येऊन झोपायचा. संध्याकाळी ती घरी आली की पंखा फिरत असायचा, सिंकमध्ये चहाचा कप पडलेला असायचा, तळाशी साखर घट्ट चिकटलेली. ती दात-ओठ खात तो कप विसळायची आणि गप्प बसायची. बसमध्ये दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला कॉलर धरून खाली उतरवणारी बाई, पण घरात त्या एका कपापुढे तिची दातखीळ बसायची. उपकाराचं ओझं होतं ना!

त्या दिवशी ओझं उतरलं. तिने मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती.

"कुलूप बदलतेय मी," ती म्हणाली.

"आई, काकांनी बाबांसाठी किती केलं! असं एकदम तोडायचं का? आणि उद्या तुला काही झालं, आत पडलीस-बिडलीस, तर दार कोण उघडणार?"

बाईने फोन कट केला. मुलीचं बोलणं चुकीचं असतं तर तिने समजावलं असतं. ते बरोबर होतं म्हणून तिचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती गणवेशातच हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदार खिळे तोलत होता. "चांगलं कुलूप हवंय, घराच्या मुख्य दाराला," तिने सांगितलं.

"मिस्टरांना पाठवा ना बाई. त्यांना दाखवतो, त्यांना समजेल."

"मिस्टर वारले. त्यांना दाखवायचं तर तुम्हालाच वर जावं लागेल."

दुकानदाराच्या हातातले दोन खिळे खाली पडले. मग मात्र त्याने निमूटपणे काउंटरवर डबे मांडले. एक होतं दाराच्या आतल्या अंगाला स्क्रूने बसवायचं, आपोआप लागणारं. तसलंच तिच्या दारावर होतं. "हे सोयीचं आहे, पण दार नुसतं ओढून घेतलं असेल तर फटीतून पातळ पट्टी सरकवूनही उघडतं," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला हवंय ते मॉर्टिस लॉक. दाराच्या जाडीतच खाच करून आत बसवतात. बाहेर दिसतं फक्त किल्लीचं भोक. उचकटायला हाताला काही लागतच नाही."

त्याने पितळी हँडलचं एक झगमगीत कुलूप पुढे सरकवलं. तिने ते हातात घेतलं, किल्ली घातली, फिरवली. दांडा जेमतेम नखभर बाहेर आला. "वरून शृंगार आणि आत काही नाही," ती म्हणाली आणि ते परत ढकललं. दुसरं दिसायला साधं होतं, राखाडी, पण हातात जड. किल्ली एकदा फिरवली की दांडा बाहेर यायचा, दुसऱ्यांदा फिरवली की आणखी पुढे. वरून दाबून बघितलं तर तसूभरही मागे सरकेना.

"आणि याची किल्ली रस्त्यावरच्या कुणाकडूनही बनवून मिळत नाही," दुकानदार म्हणाला. "सोबत कार्ड येतं. ते दाखवल्याशिवाय कंपनी नवी किल्ली देत नाही."

"हेच द्या."

"दार किती जाड आहे?"

ते तिला माहीत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ते दार उघडलं-लावलं, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. ती घरी गेली, शिवणाच्या टेपने दाराची जाडी मोजली, कडेच्या उभ्या फळीची रुंदी मोजली, परत दुकानात आली. दार भरीव लाकडाचं निघालं. आतून पोकळ असतं तर खाच पाडल्यावर दारच कमकुवत झालं असतं, दुकानदार म्हणाला. त्यानेच एका सुताराचा नंबर दिला.

सुतार तिच्या सुट्टीच्या दिवशी आला. बुटका, कानाला पेन्सिल खोचलेला, बोलायला मोकळा. त्याने दाराच्या कडेवर रेघ मारली, ड्रिलने एकाखाली एक भोकं पाडली आणि पटाशीने मधलं लाकूड काढायला लागला. बाईने दार हलू नये म्हणून गुडघ्याने रेटून धरलं होतं. भुसा तिच्या केसात जात होता, आणि हातोडीचा प्रत्येक ठोका तिला मनापासून आवडत होता.

कुलूप खाचेत बसलं. मग चौकटीवर दांड्यासाठी पट्टी बसवायची वेळ आली तेव्हा सुतार थांबला. "पाकिटातले हे स्क्रू बघा. एवढेसे. एक लाथ बसली की पट्टीसकट निघतील. लांब आणा, चौकटीत खोल जातील असे." ती लगेच चपला घालून खाली उतरली. दुकानात गर्दी होती, यायला वेळ लागला.

ती परत आली, स्क्रू लागले, दांडा खटकन चौकटीत गेला. सुतार हत्यारं पिशवीत भरायला लागला. बाईने किल्ल्यांचं पाकीट उचललं.

"यात तीन होत्या. दोनच आहेत."

"एक साहेब घेऊन गेले ना."

"कोण साहेब?"

"तुमचे दीर. तुम्ही खाली गेलात तेव्हा आले होते. म्हणाले, छान, बरं झालं नवीन बसवलंत, माझी द्या."

ती ओरडली, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशी. "कुणाला विचारून दिलीत? घर माझं, कुलूप माझं, बोलावलं मी! आणि किल्ली कुणाला? तर जो पुरुष आधी हात पुढे करेल त्याला?"

सुताराचा चेहरा उतरला. "बाई, ते सरळ आत आले. फ्रिज उघडून बाटलीतलं पाणी प्यायले, बाटली परत जागेवर ठेवली. मला वाटलं, घरातलेच."

ज्याच्यावर राग काढावा तो माणूस जिना उतरून गेला होता, आणि हा समोरचा भुशाने माखलेला उभा होता, खाली मान घालून. ती उंबऱ्यावर बसली.

मग सुतारच म्हणाला, "पूर्ण कुलूप काढायची गरज नाही. किल्ली जिथे जाते तो तुकडा वेगळा असतो, सिलिंडर. तेवढाच बदलायचा, की त्यांची किल्ली गेली कामातून. तुम्ही नवा घेऊन या. तोवर मी इथेच दारात बसतो. कुणाला आत सोडत नाही. त्यांना तर नाहीच."

ती चौथ्यांदा दुकानात गेली. दुकानदाराने तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता सिलिंडर पुढे ठेवला.

"द्या इकडे, लावून देतो," ती आल्यावर सुतार म्हणाला.

"नको. तुम्ही नुसतं सांगा. मी लावते."

दाराच्या कडेला मधोमध एक लांब स्क्रू होता. तो तिने काढला. सिलिंडर ओढला, तो हलेना. तिने आणखी जोर लावला, घामाघूम झाली, त्या मुक्या लोखंडाला नको नको ते बोलली.

"ओढू नका. किल्ली घाला आणि जराशी फिरवा. आतला दात सरळ आला की येईल."

तिने किल्ली जराशी फिरवली आणि सिलिंडर अलगद तिच्या तळहातात आला. एवढासा, अंगठ्याएवढा. नवा घातला, स्क्रू आवळला, दार उघडं ठेवूनच दांडा दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहिला. बाहेरच्या अंगाला सिलिंडर पृष्ठभागाच्या पुढे आलेला नाही ना, तेही बोट फिरवून बघायला सुताराने सांगितलं, म्हणजे पकडीत धरून कुणी मोडू शकत नाही. किल्ल्या तिने मोजल्या आणि ब्लाउजमध्ये खोचल्या.

दीर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. ती गणवेशाचं बटण शिवत बसली होती. बाहेर किल्ली शिरल्याचा आवाज आला, मग खटखट, मग पुन्हा खटखट. ती जागची हलली नाही.

"वहिनी! आत आहात का? किल्ली अडकतेय!"

"अडकत नाहीये. ती या दाराची नाही."

मग दारावर थाप पडली. "हे काय चाललंय? मी परका आहे का? दादाला या खांद्यावर घेऊन हा जिना उतरलोय मी! विसरलात?"

बाईने सुई कापडात टोचून ठेवली आणि दार उघडलं, पण दारातच उभी राहिली. खालच्या मजल्यावरची शिंपीण जिन्यात येऊन थांबली होती, समोरच्या घराचं दार किलकिलं झालं होतं.

"नाही विसरले. मरेपर्यंत नाही विसरणार," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या दादाला उचललंत. माझं घर उचलून नेण्याचा परवाना नाही मिळाला त्यावर. मी जिवंत असताना लोकांना माझं कपाट उघडून दाखवलंत! काल माझ्या पाठीमागे माझी किल्ली नेलीत! यायचं असेल तर बेल वाजवा. मी घरी असले आणि मला वाटलं तर उघडेन."

"मला वाटलं तर?"

"हो. मला वाटलं तर."

दिराने हातातली नवी कोरी किल्ली जिन्यावर भिरकावली. ती पायऱ्यांवरून टणटण करत शिंपिणीच्या पायाशी जाऊन पडली. "बघतोच, कोण येतं तुमच्या मदतीला," असं म्हणून तो धाडधाड खाली गेला. शिंपीण एका बाजूला सरकली, नाहीतर धक्काच लागला असता.

पुढे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी फोन करून तासभर सुनावलं, नात्यातल्या दोन घरांनी बोलणं टाकलं. मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिलाही बेल वाजवावी लागली, आणि ती त्याच विषयावर भांडली: तुला काही झालं तर? या वेळी बाईने फोन कट करावा तशी पाठ फिरवली नाही. रात्रभर विचार करून सकाळी ती खाली गेली आणि जास्तीची किल्ली शिंपिणीच्या मशीनवर ठेवली.

"ही ठेवा. दोन दिवस माझा आवाज नाही आला तर उघडा. किल्ली देतेय, घर देत नाहीये."

"बरं," शिंपीण म्हणाली. तिने ती दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात टाकली आणि पाय मशीनवर ठेवून पुन्हा शिवायला लागली. इतक्या सहज कुणी किल्ली घेऊ शकतं, हे बाईला नवीनच होतं.

राग मात्र गेला नाही. महिने झाले तरी भांडी घासताना मध्येच तो उसळायचा आणि घासणी जोरात फिरायची. एकदा स्टॉपवर धाकटी जाऊ भेटली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती हळूच म्हणाली, "ते अजून धुसफुसतात हं, ताई, तुमचं नाव निघालं की."

"मीही," कंडक्टरबाई म्हणाली, आणि तिची गाडी आली म्हणून चढली.