तिसरी हाक

आटगाव स्टेशनावर मला गाडीत बसवताना बा एवढंच म्हणाला, "काम नाय जमला तर परत ये. लाजू नको." चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. रुळांच्या कडेने तारेच्या खांबांसाठी खड्डे खणत होतो; तिथल्या इंजिनीअरसाहेबांनी मला हेरलं आणि सोबत कलकत्त्याला नेलं. वायर जोडणं, इंग्रजी, गणित, सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्याच शब्दावर टेलिफोन कंपनीने पुढे मला इंजिनीअर केलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसरी मोठी लढाई संपता संपता कंपनीने मॅनेजरची खुर्ची पुढे केली. पायाखाली शिडी नाही, हातात पक्कड नाही, नुसत्या सह्या. मॅट्रिकसुद्धा नसलेला मी, कधीतरी उघडा पडणारच, या धास्तीने जेवण जाईना. शिवाय खुर्ची घेतली की गावी परतणं संपलं. आई 'ये' म्हणाली तर नोकरी सोडायची, असं ठरवून मी ट्रंक कॉल लावला. धाकटा भाऊ तिला शहापूरहून कल्याणच्या पोस्टात घेऊन आला होता.

"आये," म्हटलं. गप्प.

"आये गो." लाइन चालू होती, तिचा श्वास ऐकू येत होता, पण शब्द नाही. गेलो त्याचा राग अजून असेल का?

"आये, मी गणू."

"हां, बोल आता. दिसत नाय त्याला तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नाय. इसरलास?"

खरंच विसरलो होतो. आमच्या रानातलं भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

खुर्चीचं सांगितलं. ती म्हणाली, "बस की. शेताला तुजा भाऊ हाय. पर तिकडं तुला गणू कोन म्हनतो?"

"कोनी नाय. साहेब म्हनतात."

"मंग तसा म्हननारा एक मानूस तरी ठेव रे."

खुर्ची घेतली. गावी राहिलेल्या सगळ्यांना वाटतं, मी स्थिरावलो. पण आभाळ भरलं की मी अजून सह्या सोडून खिडकीशी जातो, खांब बघत उभा राहतो. इथे आमच्याकडचा एकच माणूस आहे, मुरबाडचा लाइनमन धोंडू. त्याला एकदा म्हटलं, "तू तरी मला गणू म्हणत जा."

तो शिडीवरून खाली बघून हसला. "माजी नोकरी घालवता काय, साहेब? ती हाक ऐकाची तर गावालाच जावा."