पोटाशी बांधलेली बाटली

गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात शिरला की मला अजून पोटाशी एक चपटी काचेची बाटली जाणवते. ऐंशीच्या सुमाराचा हिवाळा होता. धाकटी बहीण कोल्हापुरात कॅन्सरवर संशोधन करायची आणि तिला पुण्याहून उंदराच्या यकृताच्या कॅन्सरच्या जिवंत पेशी हव्या होत्या. त्या वाटेत गारठल्या तर मरणार आणि तिचं सगळं काम अडणार. घरात सर्वांत जाड मी, म्हणून पोटाच्या उबेसाठी निवड माझी झाली. गुलाबी पाण्यात पेशी असलेली ती बाटली शर्टाच्या आत फडक्यानं बांधून मी एस.टी.त बसलो. बाहेर धुक्यात उसाची शेतं बुडालेली, खिडकीतून गुऱ्हाळांचा धूर आत येत होता, आणि मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. शेजारी उचगावच्या एक बाई होत्या. "पावणं, पोटात दुखतंय व्हय?" मी खरं ते सांगितलं. "आगं बया! कॅन्सर, आन् त्यो जगवायला निघालाय?" त्या खिडकीला चिकटल्या. थोड्या वेळानं मात्र त्यांनी खिडकी लावली आणि आपली शाल माझ्या पोटावर टाकली. "घ्या. कुणाचा तरी जीव वाचंल की त्यातनं." ज्या रोगाचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेत नसे, तो जगू दे म्हणून मी कोल्हापूर येईपर्यंत देवाला विनवत राहिलो. बहिणीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला, बाटली हळूच इकडेतिकडे सरकवली, आणि मग ओरडली, "दादा, जिवंत हायत की!" आता भाची पाहुण्यांना माझी ओळख करून देते, "हा आमचा मामा, यानं एस.टी.त कॅन्सर उबवला." मी लाजल्यासारखं करतो, पण तिथून हलत नाही.