मंगलनं सोडलेला बोळ

अनगोळच्या जयाबाईला धाकट्या जावेचा, मंगलचा, मनापासून तिटकारा होता. दोघींची घरं शेजारी शेजारी, मधे एक अरुंद बोळ. म्हैस आडवी उभी राहिली की वाट बंद. सासरा गेल्यापासून हा बोळ कुणाचा, यावरून दोन्ही घरांत भांडण. मंगलही त्यात कमी नव्हती. जयाबाईनं बोळात खरकटं ओतलं की ती पदर खोचून बाहेर यायची आणि सगळी गल्ली कान टवकारायची. त्या काळात जयाबाईला जाऊ आवडत नसली, तरी भांडायला तोलामोलाचं माणूस आहे एवढं ती मानायची.

मग मंगलचा नवरा भरमू काविळीनं अंथरुणाला खिळला. दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी एक ख्रिस्ती बाई असायची. ती मंगलला डबा द्यायची, हात धरून प्रार्थना करायची. भरमू काही वाचला नाही. तरी दिवसकार्य झाल्यावर मंगल दर रविवारी त्या बाईबरोबर चर्चला जायला लागली.

"नवऱ्याला वाचवलं न्हाय त्या देवानं, अन् ही त्यालाच धरून बसलीय!" जयाबाई नळावर सगळ्यांना ऐकवायची. "डोकं फिरलंय तिचं."

डोकं फिरलेलं माणूस निदान रडतं-ओरडतं. ही भांडी घासताना गाणी म्हणायची. लग्नातला एकुलता एक भरजरी शालू तिनं गल्लीतल्या एका पोरीला लग्नात नेसायला म्हणून देऊन टाकला. घरात आमटी उरली की कुणाच्या तरी दारात वाटी जायची. तिच्या तोंडावरचं ते बुळबुळीत समाधान बघितलं की जयाबाईचं पित्त खवळायचं.

एके दिवशी सकाळी मंगल दारात आली. "आक्का, बोळ तुम्ही घ्या. काय बांधायचं ते बांधा."

"पाद्र्यानं शिकवलं व्हय?"

"न्हाय. मला हाय ते पुरतंय, आक्का. त्या बोळापायी लई जीव जाळलाय. आता जळवत न्हाय."

"म्हंजे भीक घालतीस मला?"

"भीक कसली? देवानं मला फुकटात जवळ केलं. मग मी तुमच्यासंगं हातभर जागेसाठी कशाला भांडू?"

 लंगोट कसून आखाड्यात उतरावं आणि समोरच्या गड्यानं नमस्कार करून निघून जावं, तशी जयाबाईची गत झाली. इतक्या वर्षांची तयारी वाया गेली.

हिला तिथं काय पाजतात ते एकदा बघायचंच, म्हणून नाताळात ती मंगलच्या मागोमाग चर्चला गेली. बघते तर दारात देवळात असते तशीच चपलांची रास, आत पेटी-तबला आणि जरा बेसूरच भजन. माणसंही साधीच, बाजारात रताळी घेताना घासाघीस करणारी. एवढ्यासाठी ही बया येडी झाली? जयाबाईला हसूच आलं. तेवढ्यात ज्याला देवाचे आभार मानायचे असतील त्यानं उभं राहावं, असं पाळकांनी सांगितलं. मंगल उठली. आता ही आपल्या नावानं गाऱ्हाणं गाणार, म्हणून जयाबाई सरसावून बसली.

"मला थोरल्या बहिणीसारखी जाऊ दिलीस," मंगल डोळे मिटून म्हणाली, "तिचा गुडघा लई दुखतोय, बापा. तिला आराम दे."

साऱ्या मंडळींनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं. गुडघा आपला, आणि चार परकी माणसं त्यासाठी डोळे मिटून बसलेली! घरी येईपर्यंत जयाबाई धुमसत होती. दुसऱ्याच दिवशी तिनं गवंडी बोलावला.

मंगलच्या खिडकीसमोर बोळात भिंत चढायला लागली. मंगल रोज गवंड्याला चहा द्यायची. जयाबाई तो कप उचलून वास घेऊन बघायची, आत काही कावा आहे का म्हणून. भिंत कमरेएवढी झाली तेव्हा गवंडी म्हणाला, "आणि वर नेली तर त्या बाईंच्या चुलीपाशी उजेड ऱ्हाणार न्हाय."

मंगल खिडकीतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, मी दिवा लावीन."

हेच ते! हेच जयाबाईला सहन व्हायचं नाही. हिनं किंचाळावं, शिव्या द्याव्यात, विटा उपटून फेकाव्यात. मग भिंत आढ्यापर्यंत नेली असती. पण अंधारात आनंदानं भाकऱ्या थापणाऱ्या बाईवर मात कशी करायची?

"बंद कर काम," ती गवंड्यावर खेकसली. "विटा भुसभुशीत हायत." विटा चांगल्या होत्या. भिंत तेवढीच राहिली, आणि दोन्ही घरांची धुणी तिच्यावर वाळायला लागली.

पुढे एकदा नळावर रुक्माबाईनं विषय काढलाच. "काय दिलं गं त्यांनी तुझ्या जावेला, देव बदलायला? घरबिर देनार असतील."

जयाबाईनं घागर खाली ठेवली. "काय बी दिलं न्हाय. तीच वाटत सुटलीय. तुझ्या पोरीच्या लग्नात शालू कुणाचा होता, रुक्मा?"

रुक्माबाई आपली घागर उचलून चालू लागली.

त्या दुपारी जयाबाई मंगलच्या चुलीपाशी जाऊन बसली. अनेक वर्षांत पहिल्यांदाच. मंगलनं पुढं केलेल्या चहाचा घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं.

"साखर काय पोत्यानं ओतलीस? एक काम धड येत न्हाय तुला."

आणि कप पूर्ण संपवला.