वहिनीच्या जागेवर नणंद

बारावी झाल्यावर दोन वर्षं मी पळस्प्याजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावत होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वडिलांची नुकतीच पनवेलला बदली झाली होती, माझ्या पुढच्या शिक्षणाचं काही ठरत नव्हतं, आणि घरी बसून राहण्यापेक्षा हे बरं, असं आईचं म्हणणं होतं.

कारखान्यात दोन तऱ्हेची माणसं होती. कंपनीची माणसं पुढच्या फाटकातून यायची, त्यांच्या खिशाला ओळखपत्र असायचं. आम्ही चौदा बायका ठेकेदाराच्या, आम्ही मागच्या दाराने यायचो. आमची नावं कुठे लिहिलेली नव्हती. मुकादम सकाळी दारात उभा राहून डोकी मोजायचा आणि चौदा भरली की पान खायला निघून जायचा. सरकारी साहेब तपासणीला येणार असले की तो आम्हाला डबे घेऊन मागच्या शेतात बसायला पाठवायचा. पहिल्यांदा मला ती सहलच वाटली. माझ्या शेजारी बसणारी ताई म्हणाली, "हसू नको बाय. आपून इथं बसलो म्हंजे तिथं नाय."

ती उरणकडच्या गावातली. लेबल चिकटवल्यावर ओलं फडकं एकाच दिशेने फिरवायचं, नाहीतर सुरकुती पडते, हे तिनेच मला शिकवलं होतं. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं. उभ्याने खोकी भरण्याच्या कामावर होती तेव्हा. त्यानंतर आठव्या दिवशी ती कामावर परत आली, कारण तिच्याआधी ज्या तिघी बाळंतपणाला घरी गेल्या त्यांची जागा भरली गेली होती.

आता तिला पुन्हा पाचवा महिना होता. मला सांगितलं तेव्हा ती खाली मान घालून लेबलंच लावत होती.

"या टायमाला घरी बसायचं हाय मला," ती म्हणाली. "पन परत आल्यावर जागा रायली पायजे."

बाळंतपणाची रजा मिळण्याचा कायदा आहे, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात तिला म्हटलं, "तुमचा हक्कच आहे तो." एका दुपारी अंगात कणकण असल्याचं सांगून आम्ही दोघी कामगार कचेरीत गेलो.

तिथले साहेब वयस्कर होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, तिच्यासाठी पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"नेमणुकीचं पत्र आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"हजेरीचं कार्ड? विम्याचा कागद? कशावर सही, अंगठा?"

प्रत्येक वेळी मी नाही म्हणत गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कायदा ठेक्यावरच्या बाईलाही लागू आहे," ते म्हणाले. "पण इतके दिवस काम केलं हे दाखवावं लागतं. तुम्ही लेखी तक्रार द्या, मी नोटीस काढतो. ठेकेदार म्हणेल, ही बाई कोण? मी ओळखत नाही. मग पुढे तारखा पडतील. हिला कितवा महिना?"

"पाचवा," ती म्हणाली.

"तोवर मूल चालायला लागेल," ते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. तिलाच माझी समजूत घालावी लागली. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. तिथे बाकावर बसल्यावर ती अचानक म्हणाली, "साहेब काय बोल्ले? ही बाई कोन, मी ओळखत नाय. असंच ना?"

"हो."

"मंग माज्या जागेवर दुसरी बसली तर त्याला काय कलनार?"

तिची धाकटी नणंद लग्नाची होती, घरीच असायची. ताईला आठवा महिना लागला तशी नणंद तिचीच साडी नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून आमच्याबरोबर मागच्या दारातून आत आली. आम्ही बाकीच्या तेरा जणींनी तिला मधोमध घेतलं. मुकादमाने डोकी मोजली. चौदा. तो पान खायला गेला.

पहिले काही दिवस भीतीने माझी लेबलं तिरकी जायची. मी नणंदेला फडकं फिरवायला शिकवलं, आणि पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा भराभर काम करू लागली. तेव्हा मला वेगळीच धास्ती लागली. ही मुलगी आता उठणार का? घरात बसून कंटाळलेली, पहिल्यांदाच गावाबाहेर पडलेली. जेवणाच्या सुट्टीत ती हसायची, इतरांच्या डब्यातलं मागून घ्यायची. तिला इथलं सगळं आवडत होतं, हे दिसत होतं.

ताईला मुलगी झाली. निरोप आला तेव्हा आम्ही टेबलाखालून एकमेकींचे हात दाबले. सव्वादोन महिन्यांनी ती परत यायची होती. त्याच्या आदल्या दिवशी मुकादम आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि सरळ नणंदेकडे बघून बोलला.

"उद्यापासून ती जुनी येणार म्हणे."

माझ्या हातातली बाटली मी घट्ट धरून ठेवली.

"मला काय आंधळा समजता? तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. मला चौदा लागतात, चौदा होत्या." मग तो नणंदेला म्हणाला, "तुझा हात चांगला आहे. तूच राहा. तिला सांग, घरी पोर सांभाळ."

नणंद हातातलं लेबल लावून होईपर्यंत थांबली. फडकं एकदा फिरवलं आणि बाटली खोक्यात ठेवली.

"ही जागा वैनीची हाय," ती म्हणाली. "मी नाय बसनार. उद्या वैनी नाय आली तर तुमचं एक डोकं कमी."

आमच्यातली सगळ्यात वयाने मोठी बाई, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, तिकडून म्हणाली, "एक का? मोजा उद्या किती येतात ते."

मुकादमाने आमच्याकडे बघितलं. त्या आठवड्यात माल पाठवायचा होता, खोकी छतापर्यंत चढली होती. "बरं बरं, काम करा," असं म्हणून तो गेला.

पुढे मी शिक्षिका झाले. स्वतःच्या बाळंतपणाच्या रजेचा अर्ज मी एका ओळीत लिहिला आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला. कारकुनाने वरही बघितलं नाही. मी मात्र त्या अर्जाची प्रत कितीतरी दिवस पर्समध्ये ठेवली होती.

मुकादम तसं बोलून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. जरा भरलेली, डोळ्यांत काजळ घातलेली. मुकादमाने काही न बोलता मोजलं. दुपारी नणंद बाळाला घेऊन मागच्या कुंपणापाशी आली आणि ताई भिंतीच्या सावलीत मुलीला पाजायला बसली. आम्ही सगळ्या डबे घेऊन तिच्याभोवती बसलो. मुलगी पिता पिता झोपली. ताईने तिचं इवलंसं बोट माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "बग, नखं केवडी वाढलीत. दाताने काडायला पायजेत." भोंगा होईपर्यंत ती एकेक नख कुरतडत बसली होती.